आबांचा भुंगा

पहिल्या रात्री यंत्राने भरपूर आवाज केला, पण कुलूप उघडलं नाही. पाच पिनांचा साधा सिलिंडर होता, बाकावरच्या व्हाइसमध्ये घट्ट धरलेला. त्याची किल्ली शेजारीच पडली होती. उजव्या हातात पिकगन, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायचं विजेवरचं यंत्र, आणि डाव्या हातात कुलपाला फिरवण्याचा ताण देणारी पट्टी घेऊन मी वीस मिनिटं बटण दाबून बसले होते. मनगट बधिर झालं. आबा, माझे वडील, खाटेवर डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बंद कर. तू दाबतेयस त्याला. आवाज कोंडलाय."

आवाज कोंडलाय म्हणजे काय, ते मला कळायला पुढचे दीड महिने लागले.

आमची टपरी रविवार कारंजावर, चांदीच्या गणपतीपासून चालत पाच मिनिटांवर आहे. तीस वर्षांहून जास्त काळ आबा तिथे चाव्या घासतात आणि कुलपं उघडतात. मी सातपूरच्या आयटीआयमधून फिटरचा कोर्स केला, अंबडला एका वर्कशॉपमध्ये तीन वर्षं काढली आणि मग आबांच्या हातांमुळे टपरीवर आले. त्यांना संधिवात आहे. नाशिकच्या थंडीत डिसेंबर-जानेवारीत सकाळी त्यांची बोटं इतकी सुजतात की शर्टाचं बटणही आई लावून देते. कानस मारायला अजून जमतं, कारण तिथे जोर खांद्यातून येतो. पण पिन चाचपून कुलूप उघडायचं म्हणजे बोटाच्या टोकाशी केसाएवढा फरक जाणवायला हवा. तो त्यांना जाणवेनासा झाला होता. एका गिऱ्हाइकाच्या दारात पाऊण तास खपून त्यांनी शेवटी ड्रिल मागवलं, त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत.

म्हणून मी ते यंत्र मागवलं. महिन्याच्या कमाईतला मोठा वाटा त्यात गेला. बोटांचं काम मोटर करेल, आबांना फक्त बटण दाबावं लागेल, असा माझा हिशोब होता. तो हिशोब चुकला. का चुकला ते सांगायचं तर आधी कुलपाच्या आत शिरावं लागेल.

सिलिंडरच्या कुलपात बाहेर एक घर असतं आणि त्या घरात फिरणारा पितळी दंडगोल. आबा त्याला गाभा म्हणतात. किल्ली गाभ्यात जाते. घर आणि गाभा दोन्हींतून आरपार जाणारी पाच किंवा सहा बारीक भोकं असतात आणि प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना असतात. खालची किल्लीच्या खाचेवर टेकते, वरचीला स्प्रिंग खाली रेटत असते. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा नेमका गाभा आणि घर यांच्या मधल्या रेघेवर येतो आणि गाभा फिरतो. एका जरी जोडीचा सांधा वर किंवा खाली राहिला, तरी ती पिन अडसरासारखी मध्ये अडते. चपट्या किल्लीच्या या सिलिंडरला आजचं रूप अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येल यांनी 1860 च्या दशकात दिलं. पिना पडून अडवणारं लाकडी कुलूप मात्र प्राचीन इजिप्तमध्येही होतं. इतक्या जुन्या युक्तीवर आज आपल्या इमारतींची बहुतेक दारं उभी आहेत, याचं मला अजून नवल वाटतं.

हाताने उघडताना आबा काय करत? गाभ्याला पट्टीने किंचित फिरवण्याचा ताण द्यायचा. भोकं कितीही नीट पाडली तरी ती तंतोतंत एका ओळीत नसतात, त्यामुळे ताण दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत. आधी एकच अडकते. ती शोधायची, उचलायची. सांधा रेघेवर आला की गाभा तसूभर हलतो आणि वरची पिन रेघेच्या कडेवर बसून राहते. मग पुढची अडकते. पंगतीत एकेका पानावर वाढत जावं, तसं हे काम आहे. यासाठी बोट लागतं, धीर लागतो.

यंत्राची रीत अगदी वेगळी. लहानपणी गोट्या खेळलेल्यांना ती लगेच कळेल. दोन सारख्या गोट्या एकमेकींना टेकवून ठेवा आणि तिसरी नेमकी पहिलीवर मारा. मार पहिलीला बसतो, पण ती जागेवर राहते आणि पलीकडची सुटून जाते. यंत्राची सुई पिनांच्या खालून तसाच टोला देते. खालची पिन जागेवर राहते, वरची उडते. त्या निमिषात दोघींमध्ये फट पडते. ती फट रेघेवर असतानाच गाभा फिरायला हवा, नाहीतर स्प्रिंग वरच्या पिनेला परत खाली आणून बसवते. यंत्र हाच टोला सेकंदाला अनेकदा देतं, सगळ्या पिनांना एकदम. एखाद्या टोल्याला पाचही जोड्यांमध्ये एकाच वेळी फट पडली की काम झालं.

पण त्या निमिषात गाभा फिरवतं कोण? डावा हात. ताणाची पट्टी धरलेला हात. यंत्राने उजव्या हाताचं चाचपणं काढून घेतलं आणि सगळा भार डाव्या हातावर टाकला. शिवाय हाताने उघडताना ताण थोडा जास्त झाला तरी निभावतं. इथे निभावत नाही. ताण जास्त झाला की पिना भोकाच्या भिंतीवर आवळल्या जातात, सुईने कितीही आपटलं तरी उडत नाहीत. तोच तो कोंडलेला आवाज. ताण कमी पडला तर फट येते आणि जाते, गाभा मात्र ढिम्म. म्हणजे आबांच्या ज्या बोटांसाठी मी हे यंत्र आणलं, त्याच बोटांकडे ते पूर्वीपेक्षा जास्त नाजूक काम मागत होतं.

तिसऱ्या दिवशी आबांनी ते स्वतः हातात घेऊन पाहिलं. यंत्राच्या थरथरीने उजव्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागला आणि डाव्या हातातली पट्टी दोनदा खाली पडली. त्यांनी सगळं व्यवस्थित डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि आईला म्हणाले, "चहा टाक." त्या संध्याकाळी यंत्र परत पाठवायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण रात्री आबाच म्हणाले, "भुंगा वाईट नाही. तू शीक. मी ऐकतो." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव भुंगा.

आबांनी ऐकायचं आणि मी करायचं, अशी शाळा सुरू झाली. टपरी बंद करून आठला घरी यायचं, जेवायचं आणि बाकावर बसायचं. माझ्याकडे आयटीआयची एक सवय होती, काम लहान तुकड्यांत तोडायची. मी सिलिंडर खोलला आणि एक जोडी सोडून बाकी पिना-स्प्रिंगा काढून बाटलीच्या झाकणात ठेवल्या. एका पिनेचं कुलूप कसंही उघडतं, ताण कसाही असो. दोन पिनांचंही उघडलं. तिसरी जोडी घातली आणि सगळं थांबलं. याचा अर्थ दोन पिनांपर्यंत माझ्या चुका नशिबावर निभावत होत्या. तिथेच मी चार दिवस राहिले. घाई केली नाही ते बरं झालं, असं आता वाटतं.

आधी पट्टीचा प्रश्न सुटला. यंत्रासोबत आलेली पट्टी जाड होती. तिच्यातून हाताला काहीच कळत नव्हतं. आबांनी त्यांच्या जुन्या डब्यातून एक काढून दिली, गाडीच्या वायपरच्या पात्यातली पोलादी पट्टी घासून, टोक वाकवून केलेली. ती ताण दिला की जराशी वाकते, आणि किती वाकली ते डोळ्यांनी दिसतं. आता ताण मोजता येऊ लागला. आईचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला, त्यावर पट्टीचं टोक टेकवून दाबून पाहिलं. मी ज्याला "हलकं" समजत होते ते दोनशे ग्रॅमच्या वर जात होतं. आबांनी दुखऱ्या बोटाने दाबून दाखवलं, काटा पन्नासच्या आसपास थांबला. "दुधावरची साय बोटाने बाजूला सारतेस ना, तेवढंच," ते म्हणाले. मग मी दोन दिवस यंत्र न लावता नुसतं काट्यावर बोट ठेवून पन्नास ग्रॅम शिकत राहिले. आईला काटा पोळ्यांच्या पिठासाठी हवा असायचा, तेव्हा थांबायचं.

नंतर चाक. यंत्राच्या तोंडाशी सुई बसते, ती एका बारीक स्क्रूने आवळलेली असते. तिच्या मागे एक दातेरी चाक असतं. ते फिरवलं की सुईचा झोका कमी-जास्त होतो. मला वाटायचं, झोका जितका मोठा तितका टोला जोरात, तितकं कुलूप लवकर उघडणार. झोका मोठा झाला की उलटंच होतं. टोला इतका बसतो की खालची पिनही वरचीच्या मागोमाग उडते आणि स्वतःच रेघ ओलांडून अडसर होते. झोका फार लहान ठेवला तर वरची पिन रेघ सोडून वर जातच नाही. प्रत्येक कुलपाची मधली जागा वेगळी. स्प्रिंग कडक असेल तर थोडा मोठा झोका, जुनी नरम झालेली असेल तर लहान. चाकावर आकडे नव्हते, म्हणून मी नेलपॉलिशने चार खुणा केल्या. पहिली सर्वांत लहान झोक्याची. आता रीत अशी की नवीन कुलपाला नेहमी पहिल्या खुणेपासून सुरुवात करायची आणि अगदी थोडंथोडं वाढवत जायचं. मोठ्यापासून सुरू करून कमी करत येणं मला कधी जमलं नाही. आधीच्या जोरदार टोल्यांनी पिना वेड्यावाकड्या अडकून बसतात, आणि आपण दोष पुढच्या खुणेला देतो.

सुई धरण्याचंही शास्त्र आहे. ती सरळ, गाभ्याला समांतर जायला हवी आणि पिनांना जेमतेम टेकायला हवी. मी ती वर रेटत होते. रेटलं की सगळ्या पिना आधीच उचललेल्या राहतात, टोल्याला जागाच उरत नाही. "दाबतेयस त्याला" हे आबा पहिल्या रात्री म्हणाले ते दोन्ही हातांबद्दल होतं, हे मला इथे उमगलं.

राहिली लय. ताण एकसारखा धरून ठेवला की एखादी पिन चुकीच्या जागी आवळली तर ती तशीच आवळलेली राहते. ती सुटायला ताण मधूनमधून सैल करायला हवा. मी पट्टी पूर्ण सोडून परत धरत होते, त्यात बसलेल्या पिनाही खाली यायच्या. आबा म्हणाले, "पाळण्याची दोरी कशी ओढतात? सोडून देतात का हातातून?" तेवढं पुरलं. दोरी हातातच असते, ओढ फक्त कमी-जास्त होते. त्याच रात्री तीन पिना उघडल्या, एकदा नाही, ओळीने सात वेळा. आठव्या दिवशी चार. पाचव्या जोडीला आणखी दोन आठवडे गेले.

या सगळ्यात आबांचा कान हे खरं मोजमाप होतं. ताण जास्त असला की भुंगा जड घुर्र आवाज काढतो, जणू उशीखाली ठेवलाय. पिना मोकळ्या उडत असतील तर आवाज पातळ, कोरडा, खडखडीत येतो. उघडण्याच्या अगदी आधी त्या खडखडाटात एक छोटा खंड पडतो. मला तो खंड महिनाभर ऐकूच आला नाही. आबा खाटेवरून म्हणायचे, "आता," आणि गाभा फिरायचा. मग एका रात्री मी त्यांच्या आधी "आता" म्हणाले. ते काही बोलले नाहीत, पण डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

चुका झाल्या त्याही लिहिते, कारण शिकणाऱ्याला त्यांचाच जास्त उपयोग. सुई धातूची, सतत वाकते, म्हणून कधी ना कधी थकून तुटते. माझी पहिली सुई सिलिंडरच्या आत तुटली. तुकडा पिनांच्या खाली आडवा बसला. तो बारीक आकड्याने काढायला तासभर गेला. दारावरच्या कुलपात हे झालं असतं तर काय, या विचाराने मला घाम फुटला. तेव्हापासून प्रत्येक कामाआधी सुई उजेडात धरून तिच्या मुळाशी चीर आहे का ते पाहते. दुसरी चूक दिशेची. गाभा उघडला, पण ज्या बाजूला दार उघडतं त्याच्या उलट फिरला. अशा वेळी किल्लीच्या जागेवरून परत नेताना पिना पुन्हा पडतात आणि सगळं पहिल्यापासून. त्यासाठी स्प्रिंग भरलेली फिरकी मिळते, जी गाभ्याला इतक्या झटक्यात पलीकडे नेते की पिनांना पडायला वेळच मिळत नाही. ती घेतली, तरी दिशा आधी विचारून घेणं केव्हाही चांगलं.

गाळाचा धडा मात्र वेगळाच. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला. नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा पाण्याखाली जाऊ लागला की सगळं नाशिक काळजी करतं, तसे ते दिवस होते. पाणी सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत आलं. पाणी ओसरल्यावर आबा पंधरा दिवस चिखलाने भरलेली कुलपं उघडत होते, मी नुसतं पाहिलं होतं. यंदा त्या भागातला एक व्यापारी जुन्या गोदामाचं कुलूप घेऊन आला, कडीसकट कापून आणलेलं. किल्ली हरवलेली, कुलूप ठेवणीतलं, त्याला ते चालू हवं होतं. मला वाटलं, माझा भुंगा तयार आहे. चारही खुणा फिरवून झाल्या, आवाज जडच. आबा म्हणाले, "आधी तोंड धू त्याचं." आतून मातकट भुकटी निघाली, वर्षानुवर्षं सुकलेली, त्यात कोणीतरी ओतलेलं खोबरेल. तेल आणि धूळ मिळून गोंद होतो आणि स्प्रिंगा आळसावतात. वरची पिन उडाली तरी वेळेवर परत येत नाही, की उडतच नाही. केरोसिनने धुतलं, हवेने फुंकलं, वाळवलं, मग ग्राफाइटची भुकटी. दुसऱ्या खुणेवर, दोन मिनिटांच्या आत. तेव्हापासून घरच्या कुलपात तेल घालणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, घालू नका. शिसपेन्सिलीच्या टोकाची पूड किल्लीला लावून ती चारदा आतबाहेर केलीत तरी बरंच काम होतं.

कुठे भुंगा चालत नाही, तेही पक्कं कळायला हवं. आबांचं जीव लावण्याचं कुलूप म्हणजे लिव्हरचं. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये लालबागला कुलपांचं काम सुरू केलं, ही गोष्ट त्यांनी मला लहानपणी किती वेळा सांगितली असेल. लिव्हरच्या कुलपात दोन तुकड्यांच्या पिना नसतात, किल्लीने उचलल्या जाणाऱ्या चपट्या पट्ट्या असतात, त्याच लिव्हर. प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलून तिथे धरावी लागते, उडवून काहीच साधत नाही. बाजूंना खड्डे असलेल्या किल्लीच्या कुलपात ही सुई बसतच नाही. आणि काही सिलिंडरांत वरची पिन डमरूच्या आकाराची असते, मध्ये बारीक. गाभा जरासा फिरतो, उघडल्याचा भास होतो आणि डमरूच्या कंबरेत अडकून बसतो. तिथे ताण सैल करत मागे यावं लागतं, आणि यंत्राची थरथर नेमकी तेव्हा नको असते. अशी कुलपं मी अजून हातानेच शिकतेय.

यंत्र हातात आल्यावर माझी एक काळजी वाढली होती. हाताने कुलूप उघडायला वर्षं लागतात, तेवढ्या वर्षांत माणसाची पारख होते. यंत्राने ती वाट आखूड केली. त्यामुळे आबांचे नियम मी आणखी घट्ट धरले. माणसाचं ओळखपत्र, दाराचा पत्ता त्याच्याशी जुळतो का, शेजारच्या एका घराची साक्ष आणि सोसायटी असेल तर सेक्रेटरी किंवा वॉचमन समोर. भाड्याचं घर असेल तर मालकाशी फोनवर बोलणं. वहीत तारीख, वेळ, नाव, सही. रात्री दहानंतर अनोळखी माणसाचं काम एकटीने घ्यायचं नाही. यातलं काही अपुरं असेल तर कितीही पैसे दिले तरी पेटी उघडायची नाही. एकदा कॉलेज रोडला एक तरुण म्हणाला, दार बायकोचं आहे, ती माहेरी गेलीय, फोन उचलत नाही. मी पेटी उचलून परत आले. त्याच्या शिव्या जिन्याभर ऐकल्या.

पहिलं दारावरचं काम फेब्रुवारीत आलं. इंदिरानगरातले एक आजोबा. रामकुंडावर पत्नीच्या अस्थी विसर्जित करून आले होते. किल्ली धोतराच्या कनवटीला होती, पाण्यात उतरले तेव्हा सुटली. रामकुंडात किल्ल्या जाणं आबांना नवीन नाही. 2015 च्या सिंहस्थात तर अशी किती कामं आली, धर्मशाळेच्या खोल्यांपासून बॅगांच्या इवल्या कुलपांपर्यंत. पण या आजोबांची दुसरी किल्ली घरातच होती, आजींच्या जुडग्यात, स्वयंपाकघरात खिळ्याला. मुलगा पुण्याहून निघाला होता, पोचायला रात्र होणार. ते जिन्यात बसून होते, सोबत शेजारच्या वहिनी. ते एवढंच म्हणाले, "तोडू नका, पोरी. हे लॅच तिनेच निवडून आणलेलं आहे."

ओळख पटवली, वहिनींची सही घेतली. सुई उजेडात पाहिली. पहिल्या खुणेवर काही नाही. दुसऱ्या खुणेवर आवाज पातळ झाला, पण गाभा हलेना. तिसरीकडे गेले आणि घुर्र सुरू झालं. जिन्यात सहा माणसं जमली होती, सगळी माझ्या हातांकडे पाहत. माझा डावा हात जड झाला, मला कळत होतं की तो जड झालाय आणि तरी हलका करता येत नव्हता. मी थांबले, आबांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि बटण दाबलं. त्यांनी पाच-सात सेकंद ऐकलं.

"तिसरीवर आहेस?"

"हो."

"मागे ये. दुसरीच्याही अलीकडे. आणि श्वास सोड आधी."

चाक मागे घेतलं. पट्टी सोडली, बोटं झटकली, परत धरली. काटा, पन्नास ग्रॅम, साय. दोरी ओढली, सैल केली, ओढली. खडखड पातळ झाली, फोनमधून आबा गप्प होते. खंड पडला. "आता," मी आणि आबा एकदमच म्हणालो, आणि दार उघडलं.

आजोबा आत गेले, थेट स्वयंपाकघरात. जुडगा घेऊन आले. त्यातली किल्ली मी चार वेळा फिरवून पाहिली, आतबाहेर, लॅचला काही इजा नव्हती. ग्राफाइट भरलं. त्यांनी सांगितलं म्हणून त्या जुडग्यातल्या किल्लीवरून दोन नव्या काढायला घेतल्या, आणि जुडगा दुसऱ्या दिवशी मी स्वतः आणून देईन असं म्हटलं. तो मात्र त्यांनी दिला नाही. म्हणाले, "किल्ली काढून ने, जुडगा राहू दे इथेच."

रात्री आबांनी वही मागितली. हल्ली लिहायचं काम माझंच असतं. त्यांनी पेन्सिल मुठीत धरून, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: इंदिरानगर, नाइट लॅच, पाच पिना, दुसरीच्या अलीकडे. मग चाक माझ्याकडून मागून घेतलं आणि आईच्या नेलपॉलिशने तिथे पाचवी खूण केली, पहिली आणि दुसरीच्या मधोमध, जरा जाडच.

डमरूच्या पिनांचं कुलूप अजून व्हाइसमध्ये आहे. आज रात्री पुन्हा एका पिनेपासून सुरू करायचंय.